रोशाचे तेल : बाटलीत नेमके काय आहे?

रमजानचा महिना आला की ठाण्याची राबोडी, मुंब्रा, कल्याणचा दूधनाका आणि भिवंडीच्या बाजारात अत्तराच्या लहान बाटल्यांची विक्री वाढते. अगरबत्ती, साबण, सुगंधी तेल विकणाऱ्यांचाही हाच हंगाम. गिऱ्हाईक तीनच प्रश्न विचारते. माल असली आहे का? यात अल्कोहोल आहे का? आणि खुशबू किती टिकेल? आपला दुकानदार ठोक व्यापाऱ्याने जे सांगितले तेच पुढे सांगतो. ठोक व्यापारीही पुष्कळदा तेच करतो. बाटलीत नेमके काय आहे हे साखळीतल्या कोणालाच ठाऊक नसते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. आमच्या धंद्यात तागा हातात घेतला की सूत जाळून पाहतात. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्रण किती, हे ठाण्यावर छापलेले असते आणि भाव त्यावरच ठरतो. सुगंधी तेलाच्या धंद्यातही अशीच कसोटी आहे, पण ती आपल्या बाजारात फारशी पोचलेली नाही. ती समजावून घेण्यासाठी आम्ही एकच तेल निवडले आहे. ते आपल्या महाराष्ट्राच्या रानातले आहे, गुलाबाच्या जातीच्या सुगंधात जगभर वापरले जाते, आणि त्याच्या धंद्याशी मुसलमान कारागिरांचा जुना संबंध आहे. हे तेल म्हणजे रोशाचे तेल. इंग्रजी व्यापारात त्याला पामारोसा म्हणतात.

गवताचे घराणे

रोशा हे डोंगरउतारावर आपोआप उगवणारे गवत आहे. आयुर्वेदात त्याला रोहिष म्हणतात. सांधेदुखीवर त्याचे तेल चोळण्याची पद्धत जुनी आहे. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनाय. या नावातील मार्टिन म्हणजे लखनौचा जनरल क्लॉड मार्टिन, ज्याच्या पैशातून ला मार्टिनियर शाळा निघाल्या. टिपू सुलतानविरुद्धच्या लढाईच्या काळात त्याने बालाघाटच्या पठारावरून या गवताचे बी आणून लखनौला लावले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने त्याचेच नाव गवताला दिले.

या घराण्यातले एक गवत आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. चहात टाकतो ती गवती चहाची पात याच जातीची. दुसरे एक गवत आपल्या दीनी परंपरेत आले आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीतील झाडे-गवत तोडू नये असा हुकूम प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला, तेव्हा हजरत अब्बास (र.) यांनी अर्ज केला की इज्खिर या गवताला सूट असावी, कारण ते आमच्या कारागिरांना आणि घरांना लागते. ती सूट मिळाली. हे इज्खिरही सिम्बोपोगॉनच्याच घराण्यातले, आणि युनानी हकीम आजही ते औषधात वापरतात. कारागिराची गरज आणि रानातले गवत यांचा संबंध असा जुना आहे.

घराणे एक असले तरी प्रत्येकाच्या तेलातला मुख्य घटक वेगळा. गवती चहाच्या तेलात सिट्रल नावाचा घटक सुमारे ७० ते ८० टक्के असतो, म्हणून त्याला लिंबाचा वास येतो. इज्खिरच्या तेलात पिपेरिटोन हा घटक मोठा. आणि रोशात जिरॅनिऑल, म्हणून त्याला गुलाबाकडे झुकणारा वास. नाक जे ओळखते ते या घटकांनाच.

खानदेशच्या भट्ट्या

रोशाच्या तेलाचे जुने ठिकाण म्हणजे आपला खानदेश. १८८० साली निघालेल्या खानदेश जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरमध्ये या धंद्याची सविस्तर माहिती आहे. पहिले केंद्र पिंपळनेर होते. तिथे गवत कमी पडू लागले तसा धंदा नंदुरबार, शहादे, तळोदे या बाजूला सरकला. तेल काढणारे मुसलमान होते. पावसाळा संपता संपता, गवत पिकू लागले की ते भिल्लांकडून गवत विकत घेत, त्याच्या गंजी रचत आणि जिथे पाणी व लाकूड मुबलक त्या ओढ्याच्या काठी भट्टी लावत. अशा शंभरावर भट्ट्या त्या मुलखात चालत.

पद्धत साधी होती. खड्ड्यात चूल, चुलीवर तांब्याचा किंवा लोखंडी हंडा. हंड्यात पाणी आणि कापलेले गवत ठासून भरायचे. झाकण कणकेने पक्के बंद करायचे. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे, ती कापड गुंडाळून, कणीक लावून, दोरीने आवळलेली. ती नळी ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या हंड्यात जाई. तिथे वाफ थंड होऊन पाणी आणि तेल जमा होई. वर तरंगणारे तेल हलक्या हाताने काढून घेत आणि उरलेले पाणी पुढच्या घाण्यात पुन्हा वापरत, कारण त्यातही थोडे तेल राहिलेले असे. कनौजचे अत्तरवाले डेग आणि भपका म्हणतात, तीच ही रीत.

तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर अवघड वाटांनी सुरत, धुळे, भुसावळकडे जाई. भुसावळहून रेल्वेने मुंबईला. म्हणजे खानदेशचा हा माल आपल्या कल्याण-ठाण्यावरूनच पुढे जात असे.

पाण्याबरोबर तेल कसे येते?

जिरॅनिऑल उकळायला सुमारे २३० अंश सेल्सियस उष्णता लागते. मग १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्याबरोबर ते बाहेर कसे येते? कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दोघांची वाफ आपापला दाब स्वतंत्रपणे टाकते. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की दोन्ही मिळून उकळतात, आणि हे १०० अंशांच्या किंचित खालीच घडते. म्हणून जे तेल एकटे तापवले तर जळून जाईल, ते वाफेबरोबर सुरक्षित निघते. ही अल्लाहची कुदरत आणि भट्टीवाल्याची अक्कल, दोन्ही यात आहे.

मात्र जाळ जास्त झाला आणि गवत हंड्याच्या तळाला लागले तर तेलाला करपट वास येतो. म्हणून नव्या पद्धतीत बॉयलर वेगळा ठेवतात आणि गवत जाळीवर. गवत कापण्याची वेळही महत्त्वाची. देठात तेल फार थोडे, पानात आणि फुलोऱ्यात जास्त. फुलोरा पिकू लागतो तसा तेलातला जिरॅनिऑलचा वाटा वाढतो. साधारणपणे २०० ते ३०० किलो ताज्या गवतातून १ किलो तेल मिळते.

तेलात काय असते?

चांगल्या रोशाच्या तेलात जिरॅनिऑल सुमारे ७० ते ८५ टक्के असते. त्याच्या खालोखाल जिरॅनिल ॲसिटेट, साधारण ५ ते १५ टक्के. हे जिरॅनिऑलचेच दुसरे रूप, वासाला गोड आणि फळासारखे. मग लिनॅलूल २ ते ४ टक्के. त्यानंतर ओसिमीन, कॅरिओफायलीन, फार्नेसॉल ही किरकोळ मंडळी, प्रत्येकी एक-दोन टक्क्यांच्या आसपास. जमीन, पाऊस आणि कापणीप्रमाणे आकडे थोडे खालीवर होतात, पण घराचा नकाशा हाच.

येथे एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. जिरॅनिऑल हा पदार्थ सर्वप्रथम शुद्ध स्वरूपात १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन याने वेगळा केला. तो त्याने हिंदुस्थानातून गेलेल्या गवताच्या तेलातूनच केला. युरोपच्या बाजारात त्या तेलाला 'भारतीय जिरॅनियम' म्हणत, म्हणून घटकाला जिरॅनिऑल हे नाव पडले. नाव जिरॅनियमच्या झाडाचे, पण निघाला तो आपल्या गवतातून. आज साबण, पावडर, अगरबत्ती, अत्तर अशा असंख्य वस्तूंत तो असतो. परदेशी साबणाचे वेष्टन वाचून पाहा, घटकांच्या यादीत जिरॅनिऑल पुष्कळदा सापडेल. युरोपीय संघाने २००५ पासून ते लिहिणे सक्तीचे केले आहे. कारण काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते. अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याहून आणि धुऊन जाणाऱ्या वस्तूत ०.०१ टक्क्याहून जास्त असेल तर नाव छापावेच लागते. आपल्यापैकी जे निर्यात करतात किंवा करू इच्छितात त्यांनी हे लक्षात ठेवावे.

मोतिया आणि सोफिया

आता खरी अडचण. रोशाचे दोन वाण आहेत. दिसायला जवळपास सारखेच, पण तेल वेगळे. एकाला मोतिया म्हणतात, दुसऱ्याला सोफिया. मोतिया कोरड्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारावर वाढतो. सोफिया ओलसर सखल जागी दाट वाढतो. मोतियाच्या तेलाला पामारोसा म्हणतात आणि वर दिलेले आकडे त्याचेच आहेत. सोफियाच्या तेलाला इंग्रजीत जिंजरग्रास म्हणतात. त्यात जिरॅनिऑल बरेच कमी आणि पेरिल अल्कोहोल, लिमोनीन यांसारखे दुसरे घटक असतात. वास उग्र, गुलाबाचा गोडवा नाही. त्याचा भावही मोतियापेक्षा कमी.

रानात गवत कापणारा माणूस दोन्ही वास ओळखतो. पण वजनावर एकच भाव मिळत असेल तर तो वेगळे का कापील? दोन्ही एका भाऱ्यात येतात, एका डेगीत शिजतात आणि 'रोशा' या एका नावाने बाजारात उतरतात. खोटे कोणीच बोलले नाही, तरी माल खोटा झाला. बाजाराने फरकाला भाव दिला नाही की चांगला माल आणणारा थकतो आणि हलका माल टिकतो. कापडाच्या बाजारात आपण हे पुष्कळ वेळा पाहिले आहे.

मिलावटीचा जुना इतिहास

न कळत होणाऱ्या मिश्रणाखेरीज जाणूनबुजून केलेली मिलावटही जुनी आहे. मुंबईतून हे तेल तांबड्या समुद्राच्या बंदरांतून इस्तंबूलला जाई. तिथे त्याला 'इद्रिस यागी' म्हणत. उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवत आणि ते गुलाबाच्या महाग तेलात मिसळत. १ किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुले लागतात, त्यापुढे गवताचे तेल म्हणजे मातीमोल. नाक फसे, कारण गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असते. पण तिथे त्याच्या जोडीला सिट्रोनेलॉल मोठ्या प्रमाणात असते, शिवाय मेणासारखे घटक असतात, ज्यांमुळे अस्सल गुलाबतेल थंडीत गोठते. रोशा मिसळले की गोठणे कमी होई. मग गोठावे म्हणून देवमाशाची चरबीही घालत. एक खोटे लपवायला दुसरे.

आणि ज्या रोशाने गुलाबात मिलावट झाली त्या रोशातही मिलावट होत होती. भुईमूग-तिळाचे गोडे तेल, टर्पेंटाइन, पुढे घासलेट. परिणाम काय झाला? मुंबईच्या मालाला परदेशात संशयाने पाहू लागले. आज मिलावट अधिक हुशार झाली आहे. पाइनच्या झाडाच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात जिरॅनिऑल बनवतात. ते बनवणे गैर नाही, साबणाला ते चालतेही. गैर हे की ते रानातल्या तेलात मिसळून सर्व माल रानातला म्हणून विकावा.

कसोट्या

पहिली कसोटी घरच्या घरी. पांढऱ्या टिपकागदावर एक थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. शुद्ध सुगंधी तेल उडून जाते. तेलकट डाग कायम राहिला तर त्यात गोडे तेल असल्याची शंका घ्यावी.

दुसरी कसोटी प्रयोगशाळेत. ७० टक्के अल्कोहोलच्या दोन ते तीन भागांत एक भाग रोशाचे तेल स्वच्छ विरघळते. मिश्रण दुधाळ झाले तर गोडे तेल, टर्पेंटाइन किंवा घासलेट असू शकते.

या दोन कसोट्यांना बनावट जिरॅनिऑल आणि सोफिया, दोन्ही चकवू शकतात. म्हणून तिसरी, खरी कसोटी गॅस क्रोमॅटोग्राफीची. यंत्रात तेलाचा सूक्ष्म थेंब टाकतात. त्याची वाफ एका केसासारख्या बारीक लांब नळीतून वायूच्या झोताबरोबर जाते. प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि कागदावर एक शिखर उमटते. ज्याचे शिखर मोठे तो घटक जास्त. जिरॅनिऑलचे शिखर सर्वांत उंच असणारच, पण हुशार माणूस लहान शिखरांकडे पाहतो. लिनॅलूल, ओसिमीन, कॅरिओफायलीन, फार्नेसॉल आपापल्या जागी आहेत का? ते गायब असतील आणि नेरॉल नावाचे शिखर वाजवीपेक्षा मोठे असेल, तर कारखान्यातले जिरॅनिऑल घातल्याचा संशय येतो, कारण टर्पेंटाइनपासून बनवताना नेरॉल त्याच्या जोडीनेच तयार होते. लिमोनीन आणि पेरिल अल्कोहोलची शिखरे दिसली तर सोफिया मिसळला आहे. मोठा घटक बाजारात विकत मिळतो. लहान घटकांची सगळी बिरादरी विकत घेऊन बसवणे कठीण आणि महाग. खऱ्या मालाची साक्ष हेच लहान घटक देतात.

पामारोसा तेलासाठी ४७२७ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. कनौजला १९९१ साली सुरू झालेले सुगंध व सुरस विकास केंद्र नमुने तपासून देते. लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेने शेतात लावण्याजोगे मोतियाचे सुधारित वाण काढले आहेत, त्यांपैकी तृष्णा आणि तृप्ता ही नावे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत.

'अल्कोहोल'चा गोंधळ

आपल्या गिऱ्हाइकाचा दुसरा प्रश्न अल्कोहोलचा. एखाद्या शिकलेल्या मुलाने बाटलीच्या तपासणीच्या कागदावर 'एकूण अल्कोहोल ८५ टक्के' असे वाचले तर दुकानात वाद व्हायचा. म्हणून हे समजावून घेतले पाहिजे. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या जातीचे नाव आहे. कार्बनच्या सांगाड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक विशिष्ट जोडी लागली की त्या पदार्थाला अल्कोहोल म्हणतात. दारूतले इथेनॉल हा त्या जातीतला एक. जिरॅनिऑल, मेंथॉल, गुलाबातले सिट्रोनेलॉल हेही त्याच जातीतले. पुदिन्याच्या गोळीतले मेंथॉल अल्कोहोलच आहे, पण ते शराब नव्हे. रोशाच्या तेलात दारूतले इथेनॉल मुळात नसते. स्प्रेच्या बाटलीत ते पातळ करण्यासाठी वेगळे घालतात. गिऱ्हाइकाला सरळ सांगावे की तेलातले अल्कोहोल कोणते आणि वरून घातलेले कोणते. इथेनॉलयुक्त सुगंधाबद्दल शरई मसला काय, तो आपल्या आलिमांना विचारावा. पण बाटलीत काय आहे हे खरे सांगणे ही व्यापाऱ्याची जबाबदारी आहे.

अल्कोहोल नाही म्हणजे माल शुद्ध, असेही समजू नये. पूर्वी कनौजचे अत्तर चंदनाच्या तेलात उतरवत. चंदन महाग झाले तसा स्वस्त अत्तरात चंदनाऐवजी डायइथाइल थॅलेटसारखा बिनवासाचा द्रव येऊ लागला. त्यात इथेनॉल नाही हे खरे, पण चंदन आहे असे म्हणणे खोटे.

आपण काय करावे?

प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आत धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे दुकानदार म्हणाला. मग ओले वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला मानले नाही. पाऊस दुकानदाराने पाडला नव्हता, पण ओले खाली ठेवणे त्याच्याच हाताने झाले होते. रोशात सोफिया मिसळला असेल तर तो कदाचित रानातच मिसळला. पण माहीत झाल्यावर तो न सांगणे हे ओले खाली ठेवणेच होय.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. ठोक माल घेताना त्या लॉटचा क्रोमॅटोग्राफीचा कागद मागावा, आणि बिलावर वाण, मोतिया की सोफिया, लिहून घ्यावा. प्रत्येक लॉटचा एक लहान नमुना बूच लावून, तारीख टाकून, अंधाऱ्या जागी ठेवावा, म्हणजे तक्रार आल्यास पुरावा हाती राहील. कारखान्यातले जिरॅनिऑल घातलेला माल स्वस्त विकायचा असेल तर खुशाल विकावा, पण तसे लिहून. आणि कागद वाचता येत नसेल तर संकोच करू नये. डोंबिवली, अंबरनाथच्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत आपल्याच वस्तीतली किती तरी मुले-मुली काम करतात. त्यांना दुकानात बोलावून शिखरांचा अर्थ विचारावा. बाप-काकांच्या धंद्याला मुलांच्या शिक्षणाचा याहून सरळ उपयोग कोणता?

याचा फायदा फक्त गिऱ्हाइकाला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्या आदिवासींना गौण वनोपजावर मालकी हक्क दिला आहे. बाजार मोतियाला मोतियाचा भाव देऊ लागला तर तो भाव गवत कापणाऱ्यापर्यंत पोचण्याची वाट उघडेल आणि तो दोन वाण वेगळे कापील. कल्याणच्या दुकानातल्या एका सरळ प्रश्नाचा परिणाम नंदुरबारच्या डोंगरापर्यंत जाऊ शकतो. माप पुरे देण्याची ताकीद आपल्याला आहे. रोशाच्या तेलात माप फक्त वजनाचे नसते, आत काय आहे त्याचेही असते. ते माप पुरे करू या, बरकत देणारा अल्लाह आहे.